मेलेलं वजन

डेडलिफ्ट. डेड म्हंजे मेलेलं, लिफ्ट म्हंजे उचलणं. दोस्तांनो, हे काम आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गावात ढोर मेलं की सांगावा महारवाड्यात. पाय बांधा, दांडी घाला, चौघं मिळून खांद्यावर घ्या नि हाडकीत नेऊन टाका. मजुरी काय, तर तेच मांस. 1927 साली महाडात बाबासाहेबांनी मेलेल्याचं मांस सोडा म्हणून सांगितलं. गावोगावच्या लोकांनी मांस सोडलं, ढोर ओढणंही सोडलं, त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. 2016 साली गुजरातेत उना इथं मेलेल्या गायीचं कातडं सोललं म्हणून आपल्या पोरांना उघडं करून झोडपलं. तेव्हा सुरेंद्रनगरच्या लोकांनी मेलेली ढोरं नेली नि थेट कलेक्टर कचेरीपुढं टाकली.

मग मी आठवड्यातून दोनदा पाळी संपल्यावर जाऊन मेलेलं का उचलतो? घरात हाच सवाल झाला. त्याचं उत्तर लिहितोय.

व्यायामात मेलेलं म्हणतात ते एवढ्यासाठी की वजन जमिनीवर निपचित पडलेलं असतं. झोका नाही, उसळी नाही. वीस किलोची दांडी, दोन्ही बाजूला लोखंडी प्लेटा. दांडी पावलाच्या मधोमध, नडगीला चिकटून. कुल्ले मागं, पाठ सरळ, श्वास पोटात कोंडून धरायचा. मग दांडी ओढायची नाही, पायानं जमीन खाली लोटायची. जोर मांडीचा नि कुल्ल्याचा. पाठीनं फक्त ताठ राहायचं. पाठ कमानीगत वाकली की तिथंच थांबायचं, मग समोर कोण बघत उभा असेना. आमच्याकडं मोठ्या प्लेटा नाहीत. लहान प्लेटांनी दांडी फार खाली येते, म्हणून दोन्ही बाजूला विटा रचतो.

आता खरी गोष्ट. मला बळ पाहिजे, आकार नको. जिममधली पोरं हसतात. त्यांना टी-शर्ट फाटणारे दंड पाहिजेत. मला का नको ते गोडाऊनमध्ये कळतं. माझं काम रिंग खात्यात, पाळीभर उभं राहायचं, फिरत राहायचं. पण माल आला की कंत्राटदाराचा मुकादम माणसं निवडायला येतो. त्याची नजर चेहऱ्यावर जात नाही. मांड्या बघतो, मान बघतो, बाजारात बैल बघतात तसा. ज्याचं अंग दिसलं त्याच्यावर ओझं चढलं, पगार तोच. 1969 साली माथाडी कायदा झाला तो असल्याच पाठींसाठी, पण ह्या गोडाऊनात तो अजून पोचला नाही. आपल्या बापजाद्यांचं अंग असंच मोजलं गेलं. माझं बळ मुकादमाच्या डोळ्याला दिसू नये. गुडघ्याला दिसावं, कमरेला दिसावं, तिसऱ्या पाळीनंतर जिना चढताना मला कळावं.

आकार न वाढवता बळ येतं कसं? गिरणीच्या भाषेत सांगतो. समजा हजेरीपटावर शंभर कामगार आहेत. भोंगा झाला की साठच येतात, तेही मागंपुढं. उत्पादन वाढवायला दोन वाटा. एक, नवी भरती करा. म्हंजे मांस वाढवा. दुसरी, आहेत त्या शंभरांना एका हाकेला, एका क्षणी उभं करा. स्नायूचे धागेही असेच. मज्जातंतूनं हाक दिली तरी सगळे उठत नाहीत. जड वजन त्यांना उठायला शिकवतं. संप करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 1979 साली मोरिटानी आणि डीव्हरीस ह्या दोघांनी दंडाच्या स्नायूवर हे मोजून दाखवलं : पहिल्या आठवड्यांत वाढणारं बळ मुख्यतः मज्जातंतूंचं, मांस मागाहून येतं.

म्हणून मी थोडंच उचलतो, पण जड. जास्तीत जास्त जेवढं उचलेल त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. दोन नाहीतर तीन वेळा उचललं की बस. मग चार-पाच मिनिटं नुसतं बसायचं. असे तीन-चार फेरे, नि घरी. दहा-बारा वेळा उचलून, अंगाची आग होईस्तोवर, दम न घेता केलं की मांस वाढायला लागतं. वजन खाली आणतानाही रेंगाळत नाही. सावकाश उतरवण्यानं स्नायू जास्त झिजतो नि भरूनही येतो. अंग अजिबातच वाढत नाही असं सांगणारा मात्र फेकतो. थोडं वाढतंच, नि फार पुढं जायचं तर मांसही लागतं. वर्षापूर्वी माझं वजन 54 किलो होतं, आज 55. पँट तीच. उचलतो 110.

ह्या धंद्यात मला एकच माणूस आदर्श वाटतो, लमार गँट. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरातला काळा माणूस. पाठीचा कणा बाजूला वळलेला. 60 किलोच्या गटात खेळायचा, म्हंजे अंग वाढवायची सोयच नाही. 1985 साली त्यानं 300 किलो उचललं, स्वतःच्या वजनाच्या पाचपट. असं करणारा तो पहिला. आमच्या गिरणीत येणारी कापसाची गाठ 170 किलोची असते. गाठींच्या थप्पीजवळून जाताना मला हा वाकड्या कण्याचा माणूस आठवतो. 1972 साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव काळ्यांकडूनच घेतलं होतं, पण पोस्टरवर गँट कुठं दिसला नाही. दिसायला पाहिजे होता.

आणि पोटाचाही हिशेब आहेच. मांस वाढवायचं तर रोज भुकेपेक्षा जास्त खावं लागतं. ते आणायचं कुठून? 2015 पासून महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आहे. गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस कायद्यानं काढून घेतलं. जिमवाला पावडरीचा डबा पुढं करतो, त्या डब्यात घराचं महिन्याचं राशन बसतं. मी भाकरी, हरभरा, सुकट, जमेल तेव्हा अंडी खातो. एवढ्यावर आकार येणार नाही, बळ येतं.

गावच्या तालमीत मारुतीला हात जोडल्याशिवाय मातीत पाय टाकू देत नव्हते. बाप तालमीत गेलाच नाही. आमची जागा म्हंजे विहाराच्या मागची पत्र्याची खोली. भिंतीवर बाबासाहेब आहेत, कोटातले. पोरं दांडीला हात घालायच्या आधी उगाच कॉलर नीट करतात.

पुढच्या महिन्यात 115 लावीन. चार पोरं अजून यायची म्हणतात, त्यातल्या दोघी पोरी आहेत. प्लेटा कमी पडतील. भंगारवाल्याकडं वीसच्या दोन आहेत, वर्गणी काढावी लागेल.