रस

काव्यशास्त्राच्या तासाला रसविचार शिकवताना मी पानकरसाचा दृष्टान्त न चुकता देतो. गूळ, मिरी, आंबट असे निरनिराळे पदार्थ एकत्र आले की त्यांपैकी एकाचीही नसलेली अशी नवीच चव उत्पन्न होते. काव्यातला रस तसा, असे अभिनवगुप्त सांगतो. राळेगावच्या मुलांना हे चटकन उमगते. पानक म्हणजे पन्हेच, आणि इथल्या उन्हाळ्यात पन्हे कोणाला शिकवावे लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या मामांना कावीळ झाली. आमच्याकडे कावीळ म्हटली की औषध ठरलेले: उसाचा रस. सकाळ-संध्याकाळ रसवंतीवरून तो मीच आणत असे. शिवाय चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवणारे एक गृहस्थही झाले. ते पाणी पिवळे होताना मी पाहिले आणि, लिहायला लाज वाटते, मला बरे वाटले. अठरा दिवस असे गेले. लघवी गर्द होत होती, खाजेने मामांना झोप नव्हती. मग ताप आला तेव्हा कुठे आम्ही वर्धा नदी ओलांडून वर्ध्याचे रुग्णालय गाठले.

सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, पण तिचे खालचे टोक दिसेना. एमआरसीपी, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंड यांच्या नलिकांचा एमआरआय, करायचे ठरले. तपासणीआधी तिथल्या माणसाने मामांच्या हाती अननसाच्या डबाबंद रसाचे दोन पेले दिले. मामीच्या चेहऱ्यावर समाधान पसरले: शेवटी इथेही रसच! मलाही क्षणभर तसेच वाटले.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावले ते असे. या चित्रात स्थिर द्रव पांढरेशुभ्र दिसतात. पित्त दिसते, पण जठरातले आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचे पाणीही तितकेच उजळते आणि शेजारची नलिका त्यात बुडून जाते. अननसात मँगेनीज असते. त्याच्या अणूतले पाच एकटे इलेक्ट्रॉन भोवतालच्या पाण्याचा संदेश लवकर विझवतात, म्हणून आतडे काळे पडते आणि नलिका उरते. (गंमत अशी की दुसऱ्या पद्धतीच्या चित्रात हाच रस उजळ दिसतो.) मँगेनीजची ही करामत जुनी आहे. एमआरआयसाठी २००३ साली नोबेल मिळालेल्या पॉल लाउटरबर यांनीही आपल्या सुरुवातीच्या प्रयोगांत मँगेनीजचेच क्षार वापरले होते. ब्लूबेरीचा रस १९९५ मध्ये तपासला गेला, अननसाचा २००४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिऑलॉजी’त आला. याच कामासाठी लोहकणांचे तयार द्रावण होते, पण ते महाग, आणि घशाखाली उतरायला कठीण. अननसाचीही हमी नाही. फळाफळांत, डब्याडब्यांत मँगेनीज कमीजास्त असते.

पडद्यावर मी चित्र पाहिले. जठराच्या जागी अंधार, त्या अंधारालगत पांढरी नळी, आणि नळीच्या तळाशी एक काळा खडा. अठरा दिवस आम्ही ज्याच्यावर रस ओतत होतो तो हा. पित्तालाही आपण पित्तरसच म्हणतो. तो वरून खाली उतरू पाहत होता, आणि आमचा रस त्याच्या वाटेलाही जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून खडा काढला. आणखी काही दिवस गेले असते तर, असे म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य सोडून दिले. मी ते पूर्ण केले नाही, अजूनही करत नाही.

मामा परतले तेव्हा डोळे निवळत चालले होते. गल्लीतली माणसे भेटायला आली. मामी सांगत होत्या, “दोन पेले अननसाचा रस देल्ला, अन् दुसऱ्याच दिवशी उतरली कावीळ.” मी मध्ये पडून मँगेनीज, नलिका, खडा असे सारे सांगितले. सर्वांनी ते सरांचे म्हणून आदराने ऐकून घेतले. आठवड्याने कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला थांबवून विचारले, “सर, थो कावीळवाला अननसाचा डबा कोणत्या कंपनीचा व्हता? चार जण विचारून गेले.”