किंबेच्या उपसागरातील बिऱ्हाडे

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर न्यू गिनी हे भलेमोठे बेट दिसते. त्याच्या पूर्वेस चंद्रकोरीसारखे वाकलेले न्यू ब्रिटन आहे, आणि त्याच्या उत्तर किनाऱ्याला किंबेचा उपसागर. पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्सबी. तिथून विमानाने हॉस्किन्सला उतरायचे आणि मोटारीने किंबे गाव गाठायचे. रस्त्याच्या दुतर्फा तेलताडाचे मळे, त्यांच्यामागे ज्वालामुखींचे डोंगर. हवा दमट, पाऊस मुबलक. कोकणचा माणूस इथे दोन दिवसांत रुळेल. पण या मुलखाचे खरे वैभव पाण्याखाली आहे. किंबेच्या प्रवाळखडकांत आठशेहून अधिक जातींचे मासे नांदतात!

त्यांपैकी एकाच घरी आपण डोकावू. अंगावर नारिंगी झगा आणि त्यावर पांढरे पट्टे, असा हा विदूषक मासा. घरातल्या मुलांना विचारा. २००३ सालच्या चित्रपटातल्या निमोचा हा सख्खा चुलतभाऊ. हा राहतो समुद्रफुलात. नाव फुलाचे असले तरी तो प्राणी आहे, आणि त्याच्या पाकळ्यांना विषारी डंख असतो. विदूषकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला मात्र तो बाधत नाही. मालक संरक्षण देतो. भाडेकरू त्या बदल्यात समुद्रफूल कुरतडायला येणाऱ्या माशांना हाकलून लावतो.

आणि बिऱ्हाडातली शिस्त काय वर्णावी! सर्वांत मोठी ती मालकीण, तिच्याखालोखाल तिचा नवरा, आणि मग उतरत्या मापाची चार-दोन धाकटी मंडळी. ती त्यांची मुले नव्हेत. जागेसाठी रांगेत उभे असलेले उमेदवार. वरच्यापेक्षा मोठे व्हायचे नाही, असा जणू अलिखित नियम. मालकीण गेली की नवराच मादी होतो आणि रांगेतला पहिला उमेदवार नवरा होतो. मुंबईत खोलीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको.

पिल्ले मात्र अंड्यातून बाहेर पडताच प्रवाहाबरोबर निघून जातात आणि सुमारे अकरा दिवसांनी खडकावर परततात. ती येतात कुठून? २००७ साली शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. त्यांनी आयांना बेरियमचा निरुपद्रवी अंश टोचला. तो पिल्लांच्या कानातल्या इवल्याशा खड्यात उतरला. किंबे बेटाच्या खडकावर वस्तीला आलेल्या पिल्लांपैकी सुमारे साठ टक्के पिल्ले त्याच खडकाची निघाली. दर्यात भटकून लेकरे माहेरीच आली!

घराणी अशी एकाच जागी टिकत असल्यामुळे वंशावळ मांडणे शक्य झाले. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दहा वर्षे इथल्या विदूषक माशांच्या परांचे बारीक तुकडे घेऊन डीएनए तपासला आणि पाच पिढ्यांपर्यंतचे नातेसंबंध जुळवले. प्रश्न एकच होता : कुणाचा वंश वाढतो, आणि का? २०१९ च्या अखेरीस उत्तर प्रसिद्ध झाले. वंशवृद्धीतला सरासरी निम्मा फरक घराचा, म्हणजे समुद्रफूल कोणत्या जातीचे आणि कुठे आहे याचा. रक्तातून आलेल्या गुणांचा वाटा अगदी थोडा.

यात काळजीचे काय, असे कुणी विचारील. शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. तो टपोरी कणसे निवडून पुढच्या वर्षाचे बी ठेवतो. कणीस बियाण्याच्या गुणाने टपोरे झाले असेल, तर पीक पिढ्यान्‌पिढ्या सुधारते. पण ते केवळ उकिरड्याजवळच्या कसदार कोपऱ्यात होते म्हणून टपोरे झाले असेल, तर निवडीने काही साधत नाही. निसर्गाची निवडही अशीच चालते. रक्तातला फरक कमी, म्हणून निवडीला वावही कमी. समुद्र झपाट्याने तापत असताना नव्या परिस्थितीला पेलणारी पिढी घडवायला या माशांपाशी भांडवल तुटपुंजे आहे. शिवाय अति उष्णतेने समुद्रफुलेही पोवळ्यांप्रमाणे पांढरी पडतात. म्हणजे मासा तगला तरी घराचा भरवसा नाही.

तरी मासा अगदीच हतबल नाही. २०२३ साली किंबेत उष्णतेची लाट आली, तेव्हा १३४ विदूषक मासे महिन्यामहिन्याला मोजण्यात आले. सुमारे तीन-चतुर्थांश मासे चक्क आखूड झाले! बारीक झाले नव्हेत, लांबीला कमी झाले. जे आखूड झाले ते अधिक प्रमाणात वाचले, आणि जोडप्याने आखूड झालेल्यांची स्थिती आणखी बरी. महागाईत नवरा-बायकोने मिळून खर्चाला कात्री लावावी, तसेच हे. पण अशी काटकसर एका जन्माची सोय. ती वारसाहक्काने पुढे जाईलच असे नाही.

म्हणून खडक राखण्याला महत्त्व आहे. रस्त्याकडेचे ते तेलताड आठवा. आपल्या दिवाळीच्या फराळातले पामतेल याच जातीच्या झाडाचे. मळ्यांसाठी जंगल तोडले की पावसाबरोबर माती वाहत येऊन पोवळ्यांवर बसते. जगाचा उष्मा किंबेच्या लोकांना एकट्याने उतरवता येणार नाही, पण ही माती अडवणे त्यांच्या हातात आहे. तिथे १९९७ पासून ‘महोनिया ना दारी’ नावाची संस्था काम करते. स्थानिक भाषेत त्याचा अर्थ समुद्राचे राखणदार. ही मंडळी शाळेतल्या मुलांना पाण्यात उतरवतात, डोळ्यांवर काच चढवून त्यांच्याच गावचा खडक दाखवतात. समुद्रकाठी जन्मलेल्या मुलांनाही आपल्या पायाखाली एवढी बिऱ्हाडे आहेत हे तेव्हाच कळते.