डोंगराचें पाणी, घरचीं मुलें

बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं पुढील शिक्षणाचा खल सुरू होतो, हें वाचकांस सांगावयास नकोच. मुरबाडच्या आमच्या एकत्र कुटुंबांत यंदा या खलास निराळेंच वळण लागलें. आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीनें, विज्ञानांत उत्तम गुण मिळवूनही, आपण वनशास्त्राची पदवी घेणार असें स्पष्ट सांगितलें. "पोरीच्या जातीनें रानावनांत हिंडावयाचें का?" असें वहिनींनीं विचारलें, "झाडें मोजावयास चार वर्षें कशाला?" असा सवाल बंधूंनीं टाकला. पोर कांहीं बोलली नाहीं. घरांतील मास्तर म्हणून निवाडा आम्हांकडे आला.

निवाडा देण्यापूर्वीं हें शिक्षण आहे तरी काय, याची आम्हीं चौकशी केली. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. त्यास आतां डॉ. बाळासाहेब सावंत यांचें नांव आहे. सरकारी विद्यापीठ असून तेथें वनशास्त्राचा चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम आहे. रोपवाटिका, वनसंवर्धन, माती व पाणी अडविण्याचे उपाय, वन्य प्राणी, औषधी वनस्पती, शेतांत पिकांबरोबर झाडें वाढविण्याची पद्धति, वनांचे कायदे असे नाना विषय त्यांत येतात. झाडें मोजणें हा त्यांतील एक भाग झाला.

नोकरीविषयीं म्हणाल, तर वनसेवेची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. परंतु ती इतर विज्ञानशाखांच्या पदवीधरांसही खुली असल्यामुळें या पदवीपाठोपाठ नोकरी येतेच असें नाहीं. हें आम्हीं पोरीस आधींच सांगून टाकलें. नुसती आशा दाखवून मुलांस पाठविणें हा गुरुधर्म नव्हे.

मग आमचें मत अनुकूल कां पडलें? त्याचें कारण आमच्या तालुक्यांच्या स्थितींत आहे. शहापूर व मुरबाड येथील शाळांत आमचीं तीस वर्षें अध्यापनांत गेलीं. शहापूर तालुक्यांतील तानसा धरण १८९२ सालचें. पुढें भातसा धरण झालें, आणि आज मुंबईच्या पाण्यापैकीं जवळजवळ निम्मा वांटा एकट्या भातसेचा आहे. मुरबाडकडील बारवी धरणाचें पाणी कारखान्यांस व कल्याण-अंबरनाथकडील वस्तीस जातें. या मुलखांत सालीना सुमारें शंभर इंच पाऊस कोसळतो; आणि चैत्र-वैशाखांत त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. खालीं काळा कातळ. त्यांत पाणी फारसें मुरत नाहीं. वरची झाडी आणि माती गेली, कीं पडलेला पाऊस पाहतां पाहतां नदीस मिळतो.

अशीच वाहून जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे शिकलेलीं मुलें. आमच्या हाताखालून गेलेलीं हुशार मुलें आसनगांवची लोकल अगर मुरबाडची एस.टी. धरून शहराकडे गेलीं व तेथेंच स्थायिक झालीं. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. संसार चालवावयाचा असतो. परंतु ज्या वाटेनें डोंगराचें पाणी जातें त्याच वाटेनें घरचीं सारींच मुलें गेलीं, तर या रानाचा शास्त्रीय रीतीनें विचार करणारें येथें कोण उरणार?

कोणी म्हणेल, रान जाणणारे ठाकर-कातकरी आहेतच. खरें आहे, आणि म्हणूनच शिकणाऱ्यानें त्यांच्यापाशीं बसलें पाहिजे. गेल्या उन्हाळ्यांत पोर एका वृद्ध ठाकर शेतकऱ्याशीं राबाविषयीं बोलत होती. भाताचें रोप करण्यापूर्वीं शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा जमिनीवर पसरून ती भाजतात, त्यास राब म्हणतात. त्यासाठीं दरसाल ऐनासारखीं झाडें बोडकीं होतात, म्हणून कृषि विद्यापीठ गादीवाफ्यावर रोपें करण्याची शिफारस करतें. पोरीनें वाचलेलें तें सांगतांच म्हातारा म्हणाला, "बाय, राब भाजला म्हंजे तण जळतं. तुझ्या वाफ्यातलं तण कोण काढील?" पोर निरुत्तर झाली, आणि तिनें तो प्रश्न वहींत लिहून घेतला. तें पाहून आम्हांस समाधान वाटलें. झाड वांचवावयाचें तर निंदणीची मजुरीही हिशेबांत धरली पाहिजे; शास्त्राचें खरें काम तेथूनच सुरू होतें.

हा विषय आपल्या पूर्वजांनीं हलका मानला नव्हता. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदास स्वतंत्र अध्याय दिला आहे. दकार्गल नांवाच्या अध्यायांत कोणत्या झाडाजवळ वारूळ असतां किती खोलीवर पाणी लागेल, याचे आडाखे आहेत. ते सर्वच आज कसोटीस उतरतील असें नव्हे. परंतु ज्योतिषाच्या पंडितानें झाड, वारूळ आणि विहीर यांस ग्रंथांत मानाची जागा दिली, हें वहिनींसही मान्य करावें लागलें.

आमचा निवाडा असा झाला, कीं पोरीनें दापोलीस जावें, आणि दर सुटींत घरीं आल्यावर शिकलेलें आपल्याच शिवारांत पडताळून पाहावें. वहिनींचें समाधान अद्याप पुरतें झालेलें नाहीं. मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था स्वतः पाहिल्याखेरीज त्या होकार देणार नाहींत, आणि तें योग्यच आहे.

वाचकांच्या घरींही असा हट्ट धरणारें एखादें मूल असेल. नोकरीचा भरवसा नाहीं, हें त्यास अवश्य सांगावें. परंतु हें शिक्षण कमी प्रतीचें आहे, असें मात्र सांगूं नये. आपल्या नळास पाणी कोठून येतें, एवढें त्याच्याबरोबर बसून एकदां नकाशांत पाहावें, आणि मग मत द्यावें.