हात जुळला, मग पाय काऊन मोडला?

‘डॉक्टरसाहेब, हात तं जुळला होता ना, मंग पाय काऊन मोडला?’

खाटेवर निजलेल्या एका आजींनी मला हे विचारले, त्याला आता काही वर्षे लोटली. उत्तर मला ठाऊक होते. म्हणूनच ते देताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना. ती हकीकत पुढे सांगतो. त्याआधी, ज्या ‘हाडांच्या ओपीडी’त आपण आपल्या आईवडिलांना हात धरून घेऊन जाता, तिथे नेमके काय घडते याविषयी थोडे बोलू द्या.

आमच्या तिवस्यात हाड मोडलेल्या माणसावर प्राथमिक उपचार होतात आणि पुढे बहुधा अमरावती गाठावी लागते. तिथले जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सारा जिल्हा अजूनही ‘इर्विन’ म्हणतो, किंवा ऐपतीप्रमाणे एखादा खासगी दवाखाना. सकाळची एसटी, केसपेपरची रांग, एक्स-रेची रांग, मग डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक. कुठल्याही हाडांच्या ओपीडीचा दिवस असाच जातो. एवढे करून आत मिळतात ती जेमतेम पाच मिनिटे. ‘नुसते पाहिले आणि पुढची तारीख दिली,’ ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. ती खोटी नाही. पण त्या ‘नुसत्या पाहण्यात’ काय पाहिले जाते, हे रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही, आणि घरी गेल्यावर पुढचे पहारेकरी तर आपणच असता.

पहिल्या भेटीत पाहिली जातात ती बोटे. प्लास्टरची पट्टी मातायसेन नावाच्या एका डच लष्करी शल्यवैद्याने १८५२ मध्ये प्रसिद्धीस आणली. तिचे तत्त्व आजही तेच आहे. जिप्समच्या भुकटीला पाणी लागले की ती गरम होते आणि दगडासारखी घट्ट होते. दगड ताणला जात नाही. मोडलेला हात मात्र पहिले दोन-तीन दिवस सुजत राहतो. म्हणूनच सुरुवातीला पुष्कळदा अर्धेच प्लास्टर बांधून वरून पट्टी गुंडाळतात. ‘सरकारी काम, अर्धेच प्लास्टर केले,’ असे म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. ते अर्धेपण सुजेसाठी राखलेली जागा असते. हात उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवावा आणि बोटे सतत हलवत राहावीत. बोटे बधिर झाली, पांढुरकी किंवा निळसर पडली, गार लागली, गोळी घेऊनही ठणका वाढतच गेला, किंवा आपण बोटे हळूच सरळ करू लागताच रुग्ण कळवळला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. रात्र असली तरी निघावे. स्नायूंचा रक्तपुरवठा अडला की हातात काही तासच उरतात. हाडवैद्याकडे बांबूच्या कामट्या आवळून आलेला, बोटे काळी पडलेला एक रुग्ण मी तरुणपणी पाहिला होता. हाडवैद्यांच्या हातातल्या कसबाबद्दल मला आदर आहे, पण आवळलेल्या पट्टीला दया नसते; मग ती कोणीही बांधलेली असो.

दुसरी भेट साधारण आठ-दहा दिवसांनी. हीच सर्वाधिक चुकवली जाते. दुखणे उतरलेले असते, घरात सोयाबीन काढणीला किंवा कापूस वेचणीला आलेला असतो, आणि ‘आता दुखत नाही, कशाला एक दिवस मोडायचा’ असा विचार होतो. वाचकहो, ही भेट दुखण्यासाठी नसतेच. सूज ओसरली की प्लास्टर आतून सैल होते आणि बसवलेले हाड सरकू शकते. त्या आठवड्यात एक्स-रेवर ते दिसले तर पुन्हा बसवता येते. दीड महिन्याने दिसले तर वाकडे जुळलेले असते.

शेवटची भेट प्लास्टर काढण्याची. मनगटासाठी बहुधा पाच ते सहा आठवड्यांनी. कटरचा आवाज ऐकून भल्याभल्या आजोबांनी माझा हात घट्ट धरला आहे. त्यांना आधीच सांगून ठेवा की ते पाते गरगर फिरत नाही, नुसते थरथरते. कडक प्लास्टर चिरते, मऊ कातडी त्याच्यासोबत हलते म्हणून सहसा कापली जात नाही. फार गरम लागले तर मात्र बोलावे. आत निघणारा हात बारीक, कोरडा, ताठर असतो आणि पाहून घरचे घाबरतात. कोमट पाण्यात बोटांची मूठ वळणे, उघडणे हेच औषध. जोरजोराने तेल चोळून घेऊ नये. आणि हा सगळा काळ खांदा विसरू नका: झोळीत अडकवलेला हात महिनाभर न हलल्याने मनगट बरे आणि खांदा आखडलेला, अशी कितीतरी माणसे मजकडे येतात.

आता त्या आजी.

वय सदुसष्ट. पहाटे अंगणात सडा टाकताना पाय घसरला, तोल सावरायला हात पुढे टेकला, मनगट मोडले. याच अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा एक्याऐंशी वर्षे अवकाश होता, त्यांनी ते नुसत्या हाताने चाचपून ओळखले. मी आजींना अमरावतीला पाठवले. प्लास्टर झाले, तारखा पाळल्या, हाड सुरेख जुळले. त्या हाताने त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या आणि मी मनोमन समाधानी झालो.

दोन वर्षांनी त्या न्हाणीत पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. मी घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला.

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे हा नुसता अपघात नसतो. निरोगी हाड एवढ्याने मोडत नाही. मनगट मोडले तेव्हाच हाडे ठिसूळ झाल्याची वर्दी मिळाली होती. असे एक हाड मोडले की पुढे खुबा मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. अस्थिशल्यवैद्यांना वाटले असेल, हे गावचा डॉक्टर पाहील. मला वाटले, हाडांचे ते पाहतील. त्या दोन वर्षांत ‘आजी, तुम्ही पडलात कशा?’ एवढेही मी विचारले नव्हते. मी मनगटाचा डॉक्टर झालो, आजींचा राहिलो नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९०च्या दशकाअखेरीस यावर एक साधा तोडगा निघाला. पन्नाशीपुढचा जो कोणी हाड मोडून येईल, त्याला एका खास परिचारिकेने गाठायचे, हाडांची घनता तपासायची, उपचार सुरू करून द्यायचे. डॉक्टरांच्या स्मरणशक्तीवर काही सोडायचे नाही. आपल्या गावातल्या बाकावर अशी परिचारिका भेटणार नाही. म्हणून तिचे काम मुलाने, सुनेने, लेकीने करावे, अशी माझी विनंती आहे. प्लास्टर काढायच्या दिवशी केसपेपर परत घेण्याआधी थेट विचारा: ‘हाड ठिसूळ आहे का, आणि त्यावर औषध केव्हा सुरू करायचे?’

आजींच्या घरी मग मी उशिरा का होईना, चौकशी केली. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या. एक मी दिलेली, दुसरी एका शिबिरात मिळालेली. उठताच भोवळ यायची, हे त्यांनी कधी सांगितले नाही, कारण मी विचारले नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू. रात्री लघवीला उठताना दिवा लावायचा नाही, सुनेची झोप मोडेल म्हणून. न्हाणीचा उंबरठा वीतभर उंच. आणि आहार: ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, काळा चहा, घरची म्हैस दुभती, पण दूध डेअरीवर. उतारवयात रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ज्वारीत ते फारच थोडे असते. गायीच्या पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास मिळते, म्हशीच्या दुधात जास्त. तीळ आणि शेवग्याचा पाला हे आपले जुने मित्र. ‘ड’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने मात्र मेडिकलमधून आपल्या मनाने पुन्हा पुन्हा घेऊ नयेत. अति झाले तर मूत्रपिंडावर बेतते.

खुबा मोडल्यावर औषध सुरू करायला तपासणीच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही. मूत्रपिंडे आणि दात पाहून आजींना आठवड्याची गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास निजायचे नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. तो अर्धा तास त्या ओट्यावर ताठ बसून काढतात. शेजारीण तेवढ्यात गप्पांना येते. शिबिराची गोळी बंद केली, उंबरठा फोडला, न्हाणीत लोखंडी दांडी बसवली, मोतीबिंदू काढला. दूध अजूनही डेअरीवर जाते, पण एक पेला मागे राहतो.

यंदा मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात त्या मला भेटल्या. सामुदायिक प्रार्थनेला सारे जमिनीवर बसलेले, त्या एकट्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, पुढ्यात वॉकर. मांडी घालता येत नाही याचा त्यांना संकोच वाटत होता. प्रार्थना संपली, अंधार पडू लागला, तशी त्यांनी नातवाला हाक मारली. टॉर्च त्याच्या खिशात होता.