कव्हर

४ मार्च
खाडीतल्या दुसऱ्या खांबाची सळई बांधून झाली. उद्या काँक्रीट, म्हणून दुपारी टेप घेऊन खाली उतरलो. ड्रॉइंगमध्ये कव्हर ७५ मिलिमीटर. सळई आणि खारी हवा यांच्यामध्ये जे काही असणार ते एवढंच. पश्चिमेच्या अंगाला पिंजरा शटरिंगकडे कललेला. तिथे जेमतेम ४०. मुकादम म्हणाले, "साहेब, काँक्रीट पडल्यावर आत कोण बघतंय?" कव्हर ब्लॉक नव्याने बसवून घेतले. अंधार पडला.

५ मार्च
एम-४० दर्जाचं काँक्रीट ओतलं. ताकद तपासायला त्याचे क्यूब भरले.

९ मार्च
टँकर आला नाही, तर एका पोराने पंप सरळ खाडीत सोडला आणि खांबाच्या पोत्यांवर पाणी मारायला लागला. पाणी ते पाणी! ओरडलो, मग त्याला बसवून सांगितलं. काँक्रीट दाब झेलतं, ताण मात्र दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. तो सळई घेते. उन्हात दोन्ही जवळजवळ सारखीच फुगतात, म्हणून एकमेकांना सोडत नाहीत. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर पातळ संरक्षक थर धरतो. मीठ आत झिरपलं की तो थर फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून रंग मारलेला असला तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

१४ मार्च
पणजीत काम होतं. मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं लोक फेरीबोटीच्या रांगेत.

१५ मार्च
परतताना महाड. 'इंग्रजांचे दगडी पूल बघा, अजून उभे आहेत' असे मेसेज फिरतात, त्यांना इथल्या सावित्री नदीवरच्या जुन्या पुलाचं उत्तर आहे. दगडी कमानीत सळईच नाही, गंजणार काय? पण कमान नुसत्या दाबावर उभी असते. पायाखालची माती पुराने ओढली किंवा सांध्यात पिंपळ रुजला, की तिला धरून ठेवणारं काही उरत नाही. १९२८ चा तो पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्यांसह. नवा १६५ दिवसांत झाला. वेगाचं कौतुक खूप झालं. मला त्याच्या दर पावसाळ्यानंतरच्या तपासणीच्या नोंदी वाचायला जास्त आवडतील.

२ एप्रिल
क्यूब फोडले, ४० च्या बरेच वर. सगळे खूश. क्यूबला फक्त माल कळतो, सळई कुठे बसली हे नाही. म्हणून कव्हर मीटर मागवून खांबावर फिरवला: पश्चिमेला ७१ ते ७८. चालेल.

तिसऱ्या खांबाला ब्लॉक कमी पडले म्हणून सळईखाली विटांचे तुकडे सरकवले होते. वीट पाणी शोषते. सगळे काढायला लावले. काँक्रीट परवावर गेलं.