बाईंच्या खोलीतला वास



पावसाळा लागला की मैत्रिणींचे फोन सुरू होतात. "बेडरूममध्ये कुबट वास येतोय गं, काय लावू?" मी म्हणते, लावू काही नकोस, आधी वास कुठून येतो ते शोध. मला हे उशिरा कळलं, म्हणून आज लिहिते आहे.

2016 चा चौमासा. माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर होत्या. खालची, बाथरूमला लागून असलेली खोली त्यांची. दोन महिन्यांत खोलीला वास यायला लागला. आपलं सिन्नर अवर्षणाचं, टँकरची वाट बघणारं. इथे भिंतीला ओल असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांनी धरून चाललं की वास बाईंच्याच अंथरुणाचा. तोंडाने कुणी बोललं नाही, पण नातू उंबऱ्यातूनच "दादी, जेवलात का?" विचारून पळायचा. सूनबाईंनी अगरबत्ती लावली, मी फ्रेशनर टांगला, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या.

त्या गोळ्यांचं इथेच सांगते. त्यांची वाफ किडे मारण्यासाठीच असते, आणि काही तान्ह्या बाळांच्या रक्तालाही ती बाधते. जैन घरात आपण त्या सुवासासाठी ठेवतो! आता मी कडुलिंबाची सुकवलेली पानं ठेवते.

त्याच दिवसांत बाई दुपारी चारलाच चौविहाराचे पच्चक्खाण घ्यायला लागल्या. आम्ही मनापासून अनुमोदना केली. एकदा उकळलेल्या पाण्याचा पेला सकाळपासून तसाच भरलेला दिसला, तेव्हा मी विचारलं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पाणी कमी प्यायलं की तुम्हाला धुणं कमी. आणि वासही येत नाही."

मला खाली बसावंसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, उलटंच आहे. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, वास वाढतो, जंतूंचा त्रासही होतो. म्हणजे आमच्या नाकांची लाज बाईंच्या अंगावर निघत होती.

पर्युषणात आपण मल्लीकुमारीची कथा ऐकतो. सोन्याची पोकळ पुतळी, तिच्यात रोज टाकलेला एकेक घास, झाकण काढल्यावर नाक झाकणारे सहा राजे. मीही दरवर्षी मान डोलावते. पच्चीस बोलातले सुरभिगंध आणि दुरभिगंध मला लहानपणापासून पाठ आहेत. आणि बाईंच्या दारात मी पदर नाकाला लावून उभी!

मी बी.कॉम. आहे. आमच्या सरांनी एक सांगितलं होतं, ताळेबंद जुळत नसेल तर फरक सस्पेन्स खात्यात टाकून मोकळं होऊ नका, चूक शोधा. फ्रेशनर म्हणजे माझं सस्पेन्स खातंच होतं. ते काढलं, अगरबत्ती बंद केली. बाईंना दिवसभर पुढच्या खोलीत हलवलं आणि गादी गच्चीवर नेली. वास कमी झाला, गेला नाही! मग प्रत्येक कोपऱ्याशी जाऊन हुंगलं. लाकडी कपाट ओढलं तर मागचा गिलावा फुगलेला आणि हातभर जागेत काळी-हिरवी बुरशी. पलीकडे बाथरूमच्या पाइपचा सांधा गळत होता.

ही बुरशी म्हणजे आपली फूलण, इरियावहियंमधला 'पणग'. अनंतकाय जीव. एकदा ती आली की काढण्यात विराधना आहेच. प्लंबर आला, गिलावा खरवडला, भिंत महिनाभर वाळू दिली, मग चुना मारला. मी मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, पण खरी जयणा ओल होऊच न देण्यात होती. ती मी केली नव्हती.

जुनी कापसाची गादी वाचली नाही. कापसात मुरलेल्या लघवीचा अमोनिया उन्हाने पूर्ण जात नाही. नव्या गादीवर मेणकापड आणि वर सुती चादरीची घडी घातली. ओले कपडे साठवायचे नाहीत, लगेच साध्या पाण्यातून काढायचे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर ठेवून धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. दोन खिडक्या समोरासमोर असतील तर रोज सकाळी अर्धा तास दोन्ही उघडा. एकच उघडून हवा फिरत नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझा नव्हता?"

"थोडा होता, बाई. जास्त भिंतीचा होता."

त्या खूप दिवसांनी हसल्या. "मग दे पाणी. अजून सूर्य आहे."

नातू दुसऱ्या दिवसापासून दादीच्या पलंगावर बसून गृहपाठ करायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई आता नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटं लांबच ठेवलंय, आणि चौमासी पक्खीच्या आधी मी मागे हात घालून भिंत कोरडी आहे ना ते बघते.