उकरण्याचं कलम

सासरच्यांनी सुनेला रातोरात माती दिली होती. लग्नाला सात वर्षं झालेली नव्हती आणि विषप्रयोगाचा संशय घेऊन तिच्या भावाने तक्रार केली होती. अशा मृत्यूची चौकशी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 176 प्रमाणे दंडाधिकाऱ्याने करायची. लातूर जिल्ह्यातल्या त्या तालुक्यात मी नायब तहसीलदार होतो. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून प्रेत उकरण्याचा आदेश माझ्याच सहीने निघाला.

उकरण्याबद्दल कलमात जेमतेम एक वाक्य आहे: मृत्यूचं कारण शोधायला गरज वाटली तर दंडाधिकारी पुरलेलं प्रेत बाहेर काढून तपासायला लावू शकतो. नातेवाइकांना शक्यतो कळवा, हजर राहू द्या, एवढं पुढचं पोटकलम सांगतं. अमुक वर्षांनंतर उकरू नये, अशी मुदतही आपल्याकडे नाही. बाकी सगळं डॉक्टर, फौजदार आणि कोतवाल यांच्या अनुभवावर चालतं.

घर लिंगायत. समाधी त्यांच्याच रानात, बांधाच्या कडेला. दिवस उगवताच काम धरलं. ताडपत्रीचा आडोसा केला, पंच बोलावले, तलाठ्याने चतुःसीमा लिहून घेतल्या, सासऱ्यांनी जागा दाखवली. लिंगायतांत देह बसता ठेवतात, म्हणजे आधी डोकं लागणार. कोतवालाने हे सांगून कुदळ बाजूला ठेवायला लावली आणि शेवटची माती स्वतः हाताने काढली. हातावरच्या गोंदणावरून भावाने ओळख पटवली. डॉक्टरांनी देहाच्या वरची, बाजूची आणि खालची माती वेगवेगळ्या बरण्यांत घेतली. आर्सेनिक जमिनीतही असतं. ते मातीतून देहात उतरलं की कुणी पोटात घातलं, हे या नमुन्यांशिवाय ठरत नाही. समाधीत घातलेलं मीठ आणि विभूती, त्यांच्याही पुड्या बांधल्या.

डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं. हवालदाराने सवयीने मुद्देमालाची पिशवी पुढे केली. जंगमस्वामी आडोशाबाहेरून म्हणाले, "ते पिशवीत घालू नका." तपासाला त्याची गरज आहे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. नव्हती. पंचनाम्यात नोंद करून ते तेवढ्यापुरतं स्वामींच्या हाती दिलं.

शवविच्छेदन तिथेच झालं. खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. भाऊ पुढे आला. "सायब, तिला पुन्हा यांच्या रानात ठिवू नका. आमी गावाकडं नेतो." सासरे म्हणाले, आमची सून आहे, आमच्याच मातीत राहील. मी आणलेलं कायद्याचं पुस्तक उघडलं. देह परत कुणाकडे द्यायचा, कुठे पुरायचा, मजुरी कुणी द्यायची, यावर एक अक्षर नव्हतं.

प्रयोगशाळेने पुन्हा नमुने मागितले तर जिचा पंचनामा झालाय तीच जागा हवी, म्हणून मी तिथेच पुरायला सांगितलं. "कायद्यात तसं लिवलंय का?" भावाने विचारलं. "नाही. माझा निर्णय आहे," मी म्हणालो. स्वामींना विधीचं विचारलं. ते म्हणाले, "समाधी एकदाच असते, साहेब. पण उघडी टाकून मी जाणार नाही." त्यांनी इष्टलिंग तळहातावर ठेवलं, बेल वाहिला, विभूती घातली. भावाने माती लोटली, सासऱ्यांनीही लोटली. एकमेकांकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

व्हिसेऱ्याचा अहवाल पुढे कोर्टात गेला. माझं काम चौकशी अहवालाशी संपलं.

असाच प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. काश्मीरमधल्या हैदरपोरा चकमकीत मारल्या गेलेल्या आमिर माग्रेच्या वडिलांच्या अर्जावर सप्टेंबर 2022 मध्ये निकाल लागला. मुलाचा देह काढून आपल्या हाती द्यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. न्यायालयाने ते नाकारलं आणि कबरीपाशी प्रार्थनेची मुभा कायम ठेवली. पुरलेला देह काढण्याविषयी आपल्याकडे कलम 176 पलीकडे कायदा नाही, केंद्राने तो करण्याचा विचार करावा, असंही निकालात म्हटलं आहे. वाचताना त्या भावाचा प्रश्न आठवला. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. उकरण्याचं वाक्य तिच्या कलम 196 मध्ये गेलं, बुजवण्याचं मात्र लिहिलं गेलं नाही.

त्या सकाळनंतर असा आदेश काढताना मी शेवटी तीन ओळी घालत आलो: तपासणीनंतर देह कुणाच्या ताब्यात, कुठे, कुणाच्या खर्चाने. दोन्ही बाजूंना बोलावून, माती हलवण्याआधीच त्या लिहायच्या. कार्यालयातल्या कारकुनांनी त्याला "साहेबांचं पोटकलम" असं नाव ठेवलं होतं.